सुट्टीत काळोखी जागा शोधायची तर आधी तारीख आणि दिशा बघा

प्रश्न थोडक्यात असा: "मे महिन्यात घरच्यांबरोबर चार दिवस फिरायला गेलो होतो. मुद्दाम अमावास्या गाठली. प्रकाश प्रदूषणाच्या नकाशावर काळी दिसणारी जागा हॉटेलपासून चाळीस मिनिटांवर सापडली. रात्री साडेनऊ ते साडेदहा तिथे थांबलो. तारे भरपूर होते, पण आकाशगंगा काही दिसली नाही. जागा चुकली का? पुढच्या सुट्टीत अशी जागा कशी शोधायची?"

जागा बहुतेक ठीकच होती. घड्याळाने घात केला.

आपण ताऱ्यांच्या ज्या चकतीत, म्हणजे आपल्या दीर्घिकेत, राहतो तिची आतून दिसणारी कड म्हणजे आकाशगंगा. हा पट्टा आकाशाला पूर्ण वेढून आहे, त्यामुळे तो कधीही कुठेतरी दिसणारच असं वाटतं. पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास, कर्कवृत्ताच्या आसपासच्या अक्षांशांवर, तो जवळजवळ क्षितिजाला टेकून चहूबाजूंनी पसरलेला असतो, ताटाच्या काठासारखा. त्या वेळी डोक्यावर असतो अरुंधती केश हा तारकासमूह. आपल्या दीर्घिकेचा उत्तर ध्रुव त्यातच आहे. म्हणजे तुम्ही त्या तासाभरात चकतीला काटकोन करून सरळ बाहेरच्या अवकाशात बघत होता. क्षितिजालगत हवेचा थर इतका जाड असतो की मिट्ट काळोखातही तिथलं मंद काही डोळ्यांपर्यंत पोचत नाही. तिथेच रात्री दीडपर्यंत थांबला असतात तर दक्षिणेला वृश्चिक उभा, त्याच्या मागोमाग धनु, आणि त्या दोघांच्या मधून वर चढणारा धुरकट पट्टा दिसला असता. मुलं गाडीत झोपली असती हे मान्य.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की पंचवीसेक वर्षं लोकांना आकाश दाखवताना मी एक गोष्ट सारखी बघत आलोय. प्रवासाला निघणारा माणूस आधी जागा शोधतो, मग जमेल ती तारीख धरतो आणि वेळ जेवणावर सोडतो. क्रम उलटा हवा. तारीख आणि तास आधी, मग दिशा, आणि जागा सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोष्टी जमल्या तर मध्यम जागाही भरभरून देते. त्या चुकल्या तर जगातली उत्तम जागाही काही करू शकत नाही.

आता तारखेचं बघू. आपल्या दीर्घिकेचं केंद्र धनु राशीच्या दिशेला आहे आणि पट्ट्याचा सगळ्यात दाट, ठळक भाग तोच. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये तो पहाटे दिसतो, मेमध्ये मध्यरात्रीनंतर, जुलै-ऑगस्टमध्ये अंधार पडताच दक्षिणेला, तर ऑक्टोबरमध्ये अंधार पडेपर्यंत नैर्ऋत्येला झुकलेला असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच धनु तारकासमूहात असल्यामुळे तो भाग दिसतच नाही. वर्षअखेरच्या सुट्टीत जाऊन "फोटोतल्यासारखी आकाशगंगा" शोधणारे म्हणूनच हिरमुसतात. त्या दिवसांत मृग आणि मिथुनाच्या बाजूचा पट्टा असतो, तो बराच फिका. पण त्याच दिवसांत मृगातला तेजोमेघ, कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका ही मंडळी भरात असतात, तेव्हा बेत त्यांच्याभोवती आखावा. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव आणि 12-13 ऑगस्टला ययातीमधला, हेही सुट्टी ठरवताना बघून ठेवावेत. मात्र त्या वर्षी त्या रात्री चंद्र कुठे आहे ते पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये.

चंद्राबाबत "अमावास्या गाठायची" एवढंच डोक्यात ठेवलं की सुट्टी ठरवणं अवघड होऊन बसतं. प्रत्यक्षात मोकळीक बरीच आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. कृष्ण षष्ठी-सप्तमीला तो रात्री अकराच्या आसपास येतो, तोवर काळोख तुमचाच. तिथून शुक्ल चतुर्थीपर्यंत संध्याकाळच्या बैठकीला कुठलीच रात्र वाईट नाही, म्हणजे महिन्यातले बारा-तेरा दिवस हातात आले. पहाटे उठायची तयारी असेल तर हिशेब उलटतो. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि दशमीचा दोनच्या आसपास, म्हणून पहाटेच्या आकाशासाठी शुक्ल पक्षाचा पूर्वार्धही उत्तम. शिवाय अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत नाही, साधारण दहावा हिस्सा देतो. पौर्णिमा मागेपुढे असेल तर मात्र काळोखी जागा शोधायच्या भानगडीत पडू नका. चंद्रच बघा, हॉटेलच्या गच्चीवरून.

उत्तरेला लांब जाणाऱ्यांसाठी एक इशारा. सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेला की खरा अंधार सुरू होतो. 48.5 अंश उत्तरेच्या वर जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य तेवढा खाली जातच नाही. पॅरिस किंवा लंडनमध्ये त्या दिवसांत शहराचे दिवे सगळे मालवले तरी आकाश पुरतं काळं होणार नाही. शिवाय 50 अंश उत्तरेवर दीर्घिकेचं केंद्र क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येतं. 20 अंश उत्तरेवर ते 41 अंशांपर्यंत चढतं, आणि 29-30 अंश दक्षिणेवर थेट डोक्यावर येतं. दक्षिण गोलार्धात पहिल्यांदा जाणारा माणूस आकाशगंगेची सावली पडते का ते जमिनीवर शोधायला लागतो, ते उगाच नाही. तिकडे जाणं झालंच तर मॅजेलनी मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, बघायला विसरू नका. पहिल्या रात्री मी त्यांना खरेखुरे ढग समजून अर्धा तास ते सरकायची वाट बघत बसलो होतो.

आता नकाशे. प्रकाश प्रदूषणाच्या नकाशांमध्ये सहसा दोन वेगळे थर असतात आणि गोंधळ इथेच होतो. एक थर उपग्रहाने वरून टिपलेल्या उजेडाचा, म्हणजे जमिनीवर दिवे कुठे आहेत ते दाखवणारा. दुसरा, तो उजेड हवेत विखरून आकाश किती उजळतं याचं गणित मांडून काढलेला. पहिल्या थरात शहराच्या वेशीपासून पाच किलोमीटरवरचं शेतही काळंकुट्ट दिसतं, कारण तिथे दिवा नाही. पण तिथे उभं राहिलं तर अर्धं आकाश शहराने भरलेलं असतं. तुम्हाला हवा आहे दुसरा थर. त्याचा मूळ आधार 2016 साली प्रसिद्ध झालेला कृत्रिम आकाशउजेडाचा जागतिक नकाशासंग्रह आहे. जगातली 80 टक्क्यांहून जास्त माणसं प्रदूषित आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही, हे त्यातूनच पुढे आलं. त्यामागची उपग्रहाची मोजणी मात्र 2014 मधली आहे. त्यानंतर नवा महामार्ग, कारखाना किंवा पर्यटन संकुल उभं राहिलं असेल तर ते त्यात नाही. तेव्हा दुसऱ्या थरावरून जागा निवडायची आणि पहिल्या थराच्या ताज्या वर्षावरून तिथे नवा दिवा लागलाय का ते तपासायचं.

उपग्रहाच्या मोजणीतही दोन उणिवा आहेत. तो मध्यरात्रीनंतर, दीडच्या आसपास वरून जातो, त्यामुळे अकरा-बाराला बंद होणारे दिवे त्याला दिसत नाहीत. आणि त्याच्या सेन्सरला निळा उजेड जवळपास दिसतच नाही. पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले की नकाशावर ते गाव "सुधारलेलं" दिसू शकतं, आणि तिथलं आकाश मात्र आधीपेक्षा फिकं झालेलं असतं. नकाशावर गाव अंधारलेलं दिसतंय म्हणून मी एकदा सत्तर किलोमीटर गेलो होतो. पोचलो तर सगळ्या खांबांवर पांढरेशुभ्र नवे दिवे.

आता दिशेबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. शहराचा उजेड अंतराने किती कमी होतो याचं एक जुनं ढोबळ सूत्र 1977 साली मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने मांडलं. लोकसंख्येच्या प्रमाणात उजेड वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो. म्हणजे अंतर दुप्पट केलं की उजेड साडेपाच पटींहून जास्त घटतो. दहा लाख वस्तीचं शहर 50 किलोमीटरवर असेल तर त्या बाजूला, क्षितिज आणि डोक्याच्या बरोबर मध्ये, आकाश नैसर्गिकपेक्षा साधारण 57 टक्के जास्त उजळ असतं. तेच शहर 100 किलोमीटरवर गेलं की हा आकडा 10 टक्क्यांवर येतो. एक लाख वस्तीचं गाव 20 किलोमीटरवर असेल तर तेही त्या 50 किलोमीटरवरच्या महानगराएवढंच छळतं. सूत्र जुन्या काळच्या दिव्यांवर बेतलेलं आहे, आकडे शब्दशः घेऊ नका, पण कल समजून घ्या. शहरापासून पळण्यात पहिले तीस-चाळीस किलोमीटर सोनं आहेत, पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा मोबदला कमी कमी होत जातो. आणि शहरापासून लांब म्हणून एखाद्या छोट्या गावाला खेटून थांबणं हा वाईट सौदा आहे.

सूत्रातले "त्या बाजूला" हे शब्द महत्त्वाचे. आकाश सगळीकडे सारखं काळं नसतं. उत्तर गोलार्धातून बघताना जे बघायला आपण तडफडतो ते बहुतेक दक्षिणेला असतं: धनु, वृश्चिक, नरतुरंगातला मोठा तारकागुच्छ, त्रिशंकू, अगस्त्य. म्हणून शहर तुमच्या उत्तरेला राहील अशी जागा घ्यायची. शहराच्या दक्षिणेला 40 किलोमीटरवरची जागा, शहराच्या उत्तरेला 60 किलोमीटरवर असलेल्या "जास्त काळ्या" जागेपेक्षा मला केव्हाही चालेल. नकाशावर बोट ठेवून रंग बघू नका. त्या बिंदूपासून दक्षिणेला रेघ ओढा आणि शंभर किलोमीटरपर्यंत वाटेत काय काय येतं ते बघा. रेघ जंगल, वाळवंट किंवा समुद्रावरून जात असेल तर काम झालं. दक्षिणेला उघडा समुद्र असलेला किनारा या हिशेबाने फार मोलाचा. फक्त दमट हवा आणि मासेमारीच्या बोटींवरचे प्रखर दिवे या दोन गोष्टींची तयारी ठेवायची.

रेघ ओढून झाली की उपग्रहाचा साधा फोटो उघडायचा आणि उभं राहायची नेमकी जागा शोधायची. मी बघतो ते असं: गाडी रस्त्यावरून पुरती खाली उतरवता येईल का, दक्षिणेला झाडं किंवा कडा आडवा येतो का, आणि पाचशे मीटरच्या आत घर, पंप, टॉवर किंवा रात्रपाळीचं काही आहे का. लहानसा डोंगर शहर आणि तुमच्यामध्ये उभा असेल तर देवच पावला. तो आकाशातला पसरलेला उजेड कमी करत नाही, पण क्षितिजावरचा उघडा झगमगाट झाकतो आणि डोळ्यांना आराम मिळतो. दरीच्या तळापेक्षा उतारावरची सपाटी बरी, कारण थंड हवा रात्री खाली साचते आणि धुकं, दव तिथेच आधी येतं. धरणाची भिंत फोटोत फार मोहक दिसते. तिथे बहुधा रात्रभर दिवे असतात आणि पहारेकरीही.

उंची चांगली, पण तिचा हव्यास नको. दोन-अडीच हजार मीटरवर धूळ आणि बाष्प बरंचसं खाली राहतं. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावर, 2400 मीटरच्या आसपासच्या शिखरावर, अनेकदा ढगांचा समुद्रच खाली पसरलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या गावांचे दिवे त्याखाली झाकले जातात. वर दुर्बिणींची मोठी वसाहत आहे आणि आकाश वाचवणारा कायदा 1988 पासून लागू आहे. पण चार हजार मीटरच्या वर गेलं की दुसरा खेळ सुरू होतो. अंधारात बघणाऱ्या पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो, तो कमी पडला की मंद तारे उलट विझू लागतात. लडाखमधलं हानले 4500 मीटरवर आहे. डिसेंबर 2022 मध्ये ते संरक्षित काळोखाचं क्षेत्र म्हणून अधिसूचित झालं. तिथे थेट धावत जाऊन पहिल्याच रात्री डोकं धरून बसणारे पाहिलेत. अशा ठिकाणी चार दिवस शरीराला द्यावे लागतात, नाहीतर तारे राहतात बाजूला आणि माणूस ऑक्सिजनची नळी लावून झोपतो.

मान्यताप्राप्त जागांबद्दल बरेचजण विचारतात. अमेरिकेत 1988 साली स्थापन झालेली डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था 2001 पासून अशी ठिकाणं जाहीर करते. पहिलं होतं ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ शहर. आज जगभरात अशी 200 हून अधिक ठिकाणं आहेत. न्यूझीलंडचं आओराकी मॅकेन्झी, नामिबियातलं नामिबरँड, आणि भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलेलं पेंच, जानेवारी 2024 मध्ये. या यादीचा फायदा असा की तिथे दिव्यांवर नियम असतात आणि रात्री बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी संशयाने बघत नाही. मात्र शिक्का म्हणजे सर्वात काळं आकाश असं समजू नका. यादीत शहरांजवळच्या जागांसाठीही वेगळा वर्ग आहे आणि काही ठिकाणं दिवे सुधारण्याच्या कामासाठी निवडलेली आहेत. उलट नाव नसलेल्या शेकडो जागा तितक्याच काळ्या आहेत. तुमच्या सहलीच्या वाटेत यादीतलं ठिकाण पडत असेल तर जरूर थांबा, पण त्यासाठी अख्खी सहल वाकवायची गरज नाही.

हॉटेल हा दुर्लक्षित विषय. चाळीस मिनिटं गाडी चालवून जाण्यापेक्षा राहण्याची जागाच काळोखात घेतली तर रात्री दीड वाजता अंथरुणातून उठून दहा पावलांत आकाश मिळतं. बुकिंगआधी फोन करून "तिथे तारे दिसतात का" असं विचारू नका, उत्तर कायम "हो, खूप" असंच येतं. विचारायचं ते असं: बाहेरचे दिवे किती वाजता बंद होतात, बंद करण्याचं बटण कोणाकडे असतं, पोहण्याच्या तलावाला रात्रभर दिवे असतात का, आणि दक्षिणेकडे तोंड असलेली मोकळी जागा किंवा गच्ची पाहुण्यांना खुली आहे का. एका डोंगरावरच्या निवासाने जाहिरातीत तारांगणाचं मोठं चित्र छापलं होतं. प्रत्यक्षात इमारतीवर खालून वर मारलेले आठ फ्लडलाइट होते. मॅनेजर सज्जन होता, विनंती केल्यावर त्याने तासभर बंद केले. दहाव्या मिनिटाला दुसऱ्या पाहुण्यांची तक्रार गेली की वीज गेली आहे.

जागा दिवसाउजेडी एकदा बघून यायचीच. रात्री पहिल्यांदा जाऊन जागा शोधणं म्हणजे हेडलाइट लावून कुंपणं मोजणं. दिवसा गेलं की खड्डा कुठे, तार कुठे, कुत्री कोणाची, हे कळतं आणि जवळच्या माणसाला सांगून ठेवता येतं की रात्री आम्ही इथे असू. खासगी जमीन असेल तर परवानगी घ्या. राखीव जंगलांत सूर्यास्तानंतर थांबायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, तिथे वाद घालू नका. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण काळोख आणि मोबाइलची रेंज सहसा एकत्र नांदत नाहीत. गाडी लावताना तोंड बाहेर जायच्या दिशेला ठेवा म्हणजे निघताना मागे घ्यायचे पांढरे दिवे लागत नाहीत. आतला दिवा बंद करून ठेवा. आणि किल्ली खिशात ठेवू नका. खाली वाकताना तिचं बटण दाबलं जातं, चारही इंडिकेटर लखकन उजळतात आणि दहा माणसांचा अर्ध्या तासाचा सराव वाया जातो. हे मी केलेलं आहे, आणि ते दहाजण अजून विसरलेले नाहीत.

सराव म्हणजे डोळ्यांचा. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण अंधारात बघणाऱ्या पेशींमधलं रसायन पुन्हा भरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा फोनकडे नीट बघितलं की मोजणी परत शून्यावर. लाल टॉर्च चालते, पण मंद. लाल म्हणून डोळ्यांत खुपणारा झोत मारला तर त्याचाही काही उपयोग नाही. सुट्टीतल्या माणसाला आणखी एक गोष्ट नडते, जी सहसा कोणी सांगत नाही. दिवसभर बर्फात किंवा पांढऱ्या वाळूत उघड्या डोळ्यांनी हिंडलं की त्या रात्री डोळे नीट सरावतच नाहीत. रात्रीच्या आकाशासाठी दुपारी गॉगल घालायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

आता तुम्ही उभे आहात ती जागा खरंच काळी आहे का हे कसं ओळखायचं? मोजायचं यंत्र मिळतं. ते आकाशाच्या छोट्या तुकड्याची तेजस्विता 'प्रत' या, ताऱ्यांचं तेज मोजायच्या एककात सांगतं. आकडा जितका मोठा तितका काळोख जास्त, 22 च्या जवळ म्हणजे निसर्गाने दिलं तसं आकाश, मोठ्या शहरात 17-18. जॉन बॉर्टल यांनी 2001 साली मांडलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टीही तुम्ही नकाशांवर पाहिली असेल. ती मुळात यंत्राची नाहीच, डोळ्यांना काय दिसतं यावर बेतलेली आहे. नकाशे गणितावरून तिचा आकडा चिकटवतात, म्हणून मी तो फारसा मनावर घेत नाही. माझी कसोटी साधी आहे. देवयानी दीर्घिका, 25 लाख प्रकाशवर्षांवरची, नुसत्या डोळ्यांनी सहज सापडली तर आकाश चांगलं. हंसापासून खाली धनूपर्यंत पट्ट्यात मधोमध काळी भेग पडलेली दिसली तर फारच चांगलं. आणि आकाशात एखादा ढग आला तर तो ताऱ्यांमध्ये भोक पडल्यासारखा काळा दिसतोय का ते बघा. ढग करडा किंवा नारिंगी उजळलेला असेल तर खाली कुठेतरी दिवे आहेत. खऱ्या काळोखात ढग हीच सगळ्यात काळी वस्तू असते. एका मार्चमध्ये, संध्याकाळ पुरती मावळल्यावर, पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेडाचा शंकू दिसला. कुठलं गाव हे बघायला नकाशा उघडला, तर त्या बाजूला नुसता समुद्र. तो राशिप्रकाश होता, ग्रहांच्या पातळीतल्या धुळीवर पडलेलं सूर्याचं ऊन. त्याला गाव समजून वैतागण्याइतकं चांगलं आकाश मिळालं, याहून चांगलं प्रमाणपत्र नाही.

हवामानाचा अंदाज बघताना नुसतं "निरभ्र" वाचून थांबू नका. वरच्या थरातले विरळ ढग वेगळे दाखवणारा अंदाज बघा, कारण दिवसा जे आकाश निळंशार वाटतं ते रात्री त्याच पातळ पडद्यामुळे दुधाळ होतं. पाऊस येऊन गेल्यानंतरची पहिली कोरडी रात्र धूळ धुतली गेल्यामुळे सर्वोत्तम. आणि चार दिवसांच्या सहलीत एकच रात्र आकाशासाठी राखून ठेवू नका. पहिलीच निरभ्र रात्र पकडा, उद्याचं कोणी पाहिलंय.

सामानाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. टेलिस्कोप घरी ठेवा. 10×50 किंवा 7×50 ची हातातली दुर्बीण, अंगाखाली घालायला जाड सतरंजी, आणि वाटतं त्यापेक्षा एक थर जास्त गरम कपडे. पाठीवर झोपून बघायचं, उभ्याने मान दहा मिनिटांत दुखते. मंद गोष्टीकडे थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा, ती आपोआप उमटते.

तुमच्या त्या जागेची दक्षिण बाजू मोकळी असेल तर पुन्हा तिथेच जा. पुढच्या मेमध्ये सुट्टी मिळाली तर अमावास्येच्या मागेपुढे चार दिवस पकडा, रात्री नऊला मुलांसकट झोपा आणि साडेबाराचा गजर लावा. मे जमणार नसेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली कृष्ण षष्ठीनंतरची रात्र बघा. अंधार पडताच आधी नैर्ऋत्येकडे वळा, कारण धनु तासा-दोन तासांत खाली जाईल. तो गेला की ईशान्य-पूर्वेला महाश्वाचा चौकोन वर आलेला असेल. त्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघणाऱ्या ताऱ्यांच्या रांगेत दुसरा तारा पकडायचा, तिथून काटकोनात वर वळून दोन फिके तारे, आणि दुसऱ्याच्या शेजारी जो लांबट धुरकट ठिपका दिसेल ती देवयानी. रात्री आठ-नऊला, मुलं जागी असताना.